काम एकत्र, शिक्षण वेगवेगळे

वर्षातून एकदा आजरा तालुक्यातील शाळेच्या पटांगणात एक गाडी येऊन थांबते. शिक्षकांना ती चांगली परिचयाची आहे. गाडीतून दोन डॉक्टर उतरतात, एक पुरुष व एक स्त्री. त्यांच्यासोबत एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, दृष्टी तपासण्याचा तक्ता बाहेर निघतो आणि मुले रांगेत उभी राहतात. हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक. या कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब वेळीच हुडकून काढणे हे त्याचे काम. अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा, अशी योजना आहे.

योजना चांगली आहे. पण पथकाकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो. या चौघांना एकत्र काम करायला कोणी शिकवले?

पथकातील डॉक्टर आयुष शाखांचे, म्हणजे बहुधा आयुर्वेदाचे वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यांनी आंतरवासितेसह साडेपाच वर्षे शिक्षण घेतलेले असते. परिचारिकेने दोन किंवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. औषधनिर्मात्याने दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले असते. ही सारी वर्षे मिळवली तर एक दशक उलटते. पण इतर शाखांच्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून एकाच रुग्णाचा विचार करण्यासाठी राखून ठेवलेला तास या दशकात क्वचितच सापडेल. काम एकत्र करायचे, पण शिक्षण मात्र वेगवेगळ्या इमारतींत घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

एक मुलगा, पाच नोंदी

याने बिघडते काय, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण कोणत्याही शिक्षकाला ते अनोळखी वाटणार नाही.

समजा, तिसरीत एक मुलगा आहे. पहिल्या बाकावर बसवला की तो नीट उत्तरे देतो, मागे बसला की शून्यात पाहतो. ही गोष्ट गुरुजींना ठाऊक आहे. दर पावसाळ्यात त्याचा कान वाहतो, हे त्याच्या आईने गावातील आशाताईंना सांगितले आहे. रांगेत उभा असताना त्याच्या कानात कापसाचा बोळा होता, तो परिचारिकेने पाहिला. गेल्या वर्षी याच मुलाला दोनदा कानाचे थेंब दिल्याची नोंद औषधाच्या वहीत आहे आणि ती वही औषधनिर्मात्याजवळ आहे. डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येक मुलामागे दोन-तीन मिनिटे येतात. त्या दिवशी कान कोरडा आहे. डॉक्टर पुढच्या मुलाला बोलावतात.

मध्यकर्णाचा दाह पुनःपुन्हा होत राहिला की कानाच्या पडद्याला छिद्र पडू शकते आणि ऐकू कमी येऊ लागते. हे वेळीच कळले तर उपचार आहेत. वेळीच कळले नाही, तर मुलगा 'अभ्यासात मागे' ठरतो आणि तो शिक्का वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या उदाहरणात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. निदानाला लागणारी सगळी माहिती त्या पटांगणात हजर होती. फक्त ती पाच जणांत वाटली गेली होती आणि ती एकत्र आणणे हे कोणाचेच काम नव्हते.

येथे आजऱ्याचेच सुपुत्र शिवाजी सावंत यांची आठवण होते. त्यांच्या 'मृत्युंजय' या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत कर्णाची कथा सहा जणांच्या तोंडून येते: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. वाचकाला सहाही कथने मिळतात, म्हणून त्याला सगळे दिसते. पात्रांना ती सोय नाही. कुंतीला ठाऊक असलेली एक गोष्ट कर्णाला वेळेवर कळत नाही आणि पुढचे सारे त्यातून घडते. आपल्या तिसरीतल्या मुलाची कथाही पाच जणांकडे आहे. ती पाचही कथने ऐकणारा वाचक मात्र तेथे कोणी नाही.

आराखडा काय म्हणतो?

या दुखण्यावर जगात बराच विचार झाला आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने डॉक्टर, परिचारिका, सुईणी आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांना एक आरोग्य-गट म्हणून काम करता येईल असे प्रशिक्षण द्यावे, असे सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये एकत्र शिकण्यावर स्वतंत्र अहवाल काढला आणि २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा एक कृती-आराखडा प्रसिद्ध केला. आज या विषयावर कोणीही बोलू लागले की याच आराखड्याचा आधार घेतो. म्हणून तो नीट तपासून पाहायला हवा.

आराखड्यातील व्याख्येचा आशय असा: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी जेव्हा एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात आणि त्यातून पुढे सहकार्याने काम करून लोकांचे आरोग्य सुधारतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण होय. मराठीच्या शिक्षकांच्या चटकन लक्षात येईल की या व्याख्येचा सारा भार तीन शब्दयोगी अव्ययांवर आहे: विषयी, कडून आणि बरोबर. आराखड्याचे हे मोठेच गुण मानले पाहिजेत. एक म्हणजे, एकाच सभागृहात एकच व्याख्यान ऐकले म्हणजे एकत्र शिक्षण झाले, हा समज त्याने खोडून काढला. दुसरे म्हणजे, 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ त्याने संकुचित ठेवला नाही. समाजाचे शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य राखण्यासाठी ज्याच्याजवळ ज्ञान वा कौशल्य आहे, तो त्यात बसतो. या अर्थाने आशाताई त्यात येतात आणि शाळेतले गुरुजीही येतात.

आता ही तीन अव्यये आपल्या परिस्थितीला लावून पाहू.

'विषयी': एका छताखालची वेगळी दालने

महाराष्ट्रात यासाठी एक दुर्मीळ संधी होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखा राज्यभरातून एका विद्यापीठाखाली आल्या. घर एक झाले, पण दालने वेगळी राहिली. प्रत्येक शाखेचे अभ्यासमंडळ वेगळे, परीक्षा वेगळी, दिल्लीहून नियम करणारी संस्थाही वेगळी. परिचर्येचा जुना कायदा १९४७ चा व नवा २०२३ चा, औषधनिर्माणाचा १९४८ चा. वैद्यकाचा नवा कायदा २०१९ चा, भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांचे २०२० चे, तर भौतिकोपचारासारख्या संलग्न व्यवसायांचा २०२१ चा. औषधनिर्माणशास्त्र तर या विद्यापीठाच्या छताखाली आलेच नाही; त्याची पदविका तंत्रशिक्षण मंडळाकडे आहे.

याचा परिणाम असा की दुसऱ्या शाखेचा माणूस नेमके काय शिकतो, हे विद्यार्थ्याला कळतच नाही. परिचारिकेच्या अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र किती खोलवर शिकवतात, हे डॉक्टर होणाऱ्याला ठाऊक नसते. दोन औषधे एकमेकांच्या आड येतात तेव्हा ते प्रथम कोणाला विचारावे, हे परिचारिका होणारीला कोणी सांगत नाही. 'विषयी' ही सर्वांत सोपी पायरी आहे, आणि तीच आपण गाळली आहे.

'बरोबर': खेड्यात गेले, पण एकटेच

दुसरे अव्यय 'बरोबर'. येथे आपल्याकडे अगदीच काही नाही असे नाही. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावात शिबिर करते. विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. कुटुंब दत्तक घेण्याची ही कल्पना अलीकडे देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमातही आली आहे. पुस्तकाऐवजी माणसापासून सुरुवात करण्याची ही रीत मोलाची आहे, यात शंका नाही.

पण एम.बी.बी.एस.चा नियम त्या शाखेच्या विद्यार्थ्यांपुरताच असतो. दत्तक घेतलेल्या घरी आज भावी डॉक्टर जातो, उद्या परिचर्येची विद्यार्थिनी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे जाते आणि परवा समाजकार्याचा विद्यार्थी. घरातली आजी तीच माहिती तीनदा सांगते. गाव एकत्र आहे, घर एकत्र आहे. विद्यार्थी मात्र एकेकटे येतात.

स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून आरोग्यशाखांचे काही शिक्षण एकत्र केले. १९९६ मध्ये तेथे एक प्रशिक्षण-वॉर्ड सुरू झाला. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे विद्यार्थी अनुभवी मंडळींच्या देखरेखीखाली तो वॉर्ड मिळून सांभाळतात. येथे एकत्र व्याख्यान नाही. एकत्र जबाबदारी आहे. 'बरोबर' या शब्दाचा खरा अर्थ हा आहे.

'कडून': सर्वांत अवघड अव्यय

तिसरे अव्यय 'कडून', आणि खरी गोम येथे आहे. एकमेकांकडून शिकायचे तर समोरच्याला आपल्यापेक्षा काही अधिक कळते, हे मान्य करावे लागते. आपल्या रुग्णालयात, आणि आपल्या समाजातही, ज्ञान वरून खाली वाहते असे मानले जाते. डॉक्टर परिचारिकेला सांगणार, परिचारिका आशाताईंना सांगणार, आशाताई आईला सांगणार. उलट दिशेला जाते ती माहिती नव्हे, ती 'तक्रार'.

२०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात भावी डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांतील एक आहे आरोग्य-गटाचा नेता आणि सदस्य. सदस्य हा शब्द आला, हे चांगलेच झाले. पण नेता आधी आणि सदस्य नंतर, हा क्रम बोलका आहे. शिवाय सदस्य व्हायला शिकायचे ते कोणाबरोबर, हे अभ्यासक्रमाने ठरवून दिले नाही, तर डॉक्टर डॉक्टरांच्याच गटात सदस्य होण्याचा सराव करणार.

उतरंडीचा हा रोग फक्त रुग्णालयात नाही. आम्हा संशोधकांच्या प्रयोगशाळांतही तो आहे. मी काम केलेल्या एका प्रयोगशाळेत एका उपकरणाचे आकडे दोन महिने चुकत होते. आम्ही नव्या नव्या उपपत्ती मांडत होतो. उपकरण रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला दोष पहिल्याच आठवड्यात कळला होता. त्याला कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगण्याची तेथे रीत नव्हती. आमचे दोन महिने गेले. रुग्णालयात यापेक्षा बरेच काही जाते.

या बाबतीत आराखडा हात राखून बोलतो, हा माझा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे. सहकार्य, संवाद, परस्पर आदर हे शब्द त्यात भरपूर आहेत. पण पगार, हुद्दा, जात, स्त्री-पुरुष भेद आणि बोलण्याची भाषा यांमुळे ज्याचा आवाज बारीक झाला आहे, त्याने बोलायचे कसे, याचे उत्तर त्यातून हाती लागत नाही.

ते उत्तर शोधण्यासाठी जिनिव्हाला जाण्याचे कारण नाही; जामखेडला गेले तरी पुरे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावाने निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती आणि अनेकजणी दलित होत्या, तेथे आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या नियमाने केंद्रावर येत, शिकत आणि गावात जाऊन काम करीत. पण शिकवणे एकाच बाजूने चालले नाही. कोणत्या घरात मूल का दगावते, औषध दिले तरी ते का घेतले जात नाही, विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत, हे त्या सांगत आणि डॉक्टर ऐकत. पुढे देशोदेशींचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत या स्त्रियाही होत्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'कडून' हे अव्यय तेथे व्याख्येत नव्हते, व्यवहारात होते.

पुरावा किती?

विज्ञानाच्या वाचकाने येथे विचारले पाहिजे: एकत्र शिकल्याने रुग्ण खरोखर अधिक बरे होतात काय? उत्साहाच्या भरात हा प्रश्न टाळणे बरे नाही.

२०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात निकषांना उतरणारे फक्त १५ अभ्यास सापडले. सातांमध्ये चांगला परिणाम दिसला, चारांमध्ये संमिश्र आणि चारांमध्ये काहीच फरक दिसला नाही. अभ्यास थोडे आणि एकमेकांहून फार भिन्न, म्हणून सर्वांना लागू पडेल असा निष्कर्ष काढता येत नाही, असे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले. एकत्र प्रशिक्षण आणि वेगवेगळे प्रशिक्षण यांची थेट तुलना करणारे अभ्यास व्हावेत, अशी अपेक्षाही त्यांनी नोंदवली.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियेच्या खोलीतून येतो. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर सर्वांनी मिळून तपासायची एक छोटी यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. त्यात प्रत्येकाने आपले नाव व काम सांगणे ही एक पायरी आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ही यादी वापरात आल्यानंतरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लक्षणीय फरक आढळला नाही.

या दोन निष्कर्षांतील तफावतीची कारणे अनेक असू शकतात. पहिल्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हेही विसरता येत नाही. पण मला त्यातून एक सावधगिरी शिकावीशी वाटते. यादी हुकमाने लागू करता येते. बोलण्याची सवय हुकमाने लागत नाही. ती शिकत असतानाच लागावी लागते. म्हणून एकत्र शिक्षणाची मागणी करताना ते सिद्ध झालेले औषध आहे असा दावा करू नये. ते तर्काला पटणारे, काही पुरावा असलेले आणि काळजीपूर्वक करून पाहण्याजोगे आहे, इतकेच म्हणावे.

आक्षेप आणि एक सूचना

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, शेवटी जबाबदारी डॉक्टरची. सर्वांना विचारत बसले तर रुग्ण हातचा जाईल. तातडीच्या वेळी निर्णय एकानेच घ्यायचा असतो, हे खरे आहे. पण निर्णय एकाने घेणे आणि माहिती एकाकडेच असणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्यावर निर्णयाची जबाबदारी आहे, त्यालाच इतरांच्या बोलण्याची गरज सर्वांत अधिक असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभ्यासक्रम आधीच फुगले आहेत, शिक्षक अपुरे आहेत. त्यात आणखी एक विषय कोठे घालणार? माझे म्हणणे असे की नवा विषय नकोच. नवा विषय आला की नवे पुस्तक येते, त्याचे मार्गदर्शक येते आणि मूळ हेतू मरतो. आज काय घडते ते पाहा. डॉक्टरांची आंतरवासिता, परिचर्येच्या विद्यार्थिनींची ग्रामीण कामगिरी, औषधनिर्मात्याचे ५०० तास, हे सर्व आधीच अभ्यासक्रमात आहे. त्यांतील काही दिवस तरी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काढता येतात. फक्त ते दिवस एकमेकांशी जुळत नाहीत.

ते जुळवावेत. आजऱ्यासारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर, पावसाच्या आणि वाड्या-वस्त्यांच्या तालुक्यात दोन आठवडे सर्व शाखांचे पाच-सहा विद्यार्थी एकत्र ठेवावेत. त्यांना दहा कुटुंबे द्यावीत आणि एकच वही द्यावी. त्या वहीत सर्वांनी लिहावे, सर्वांनी वाचावे. पहिले दोन दिवस त्यांना आशाताईंनी गाव दाखवावे. म्हणजे शिकण्याची सुरुवातच 'कडून' या अव्ययाने होईल. शेवटी गुण एकेकट्याला न देता गटाला द्यावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. तीन-चार वेळापत्रके एका टेबलावर ठेवून बसणारी माणसे लागतात. हेच सर्वांत कठीण आहे, हे मला मान्य आहे.

शाळेत काय करता येईल?

तोवर शिक्षकांनी दोन गोष्टी कराव्यात. पथक येण्याच्या आदल्या दिवशी ज्या मुलांबद्दल काही जाणवले आहे त्यांची नावे आणि निरीक्षणे एका कागदावर लिहून ठेवावीत: फळा डोळे बारीक करून वाचतो, पळताना लवकर दमते, हाक मारली तरी वळत नाही. तपासणी संपल्यावर पथकातील चौघांनाही पंधरा मिनिटे एकत्र बसवून तो कागद मोठ्याने वाचावा. आपण डॉक्टर नाही म्हणून संकोच करू नये. मुलाला वर्षात दोनशेहून अधिक दिवस पाहणारे तेथे तुम्हीच असता.

दुसरी गोष्ट वर्गात करायची. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे पाच-पाचांचे गट करा. वर सांगितलेल्या तिसरीतल्या मुलाची हकीकत पाच चिठ्ठ्यांवर लिहा: गुरुजींची, आशाताईंची, परिचारिकेची, औषधनिर्मात्याची आणि डॉक्टरांची. प्रत्येकाला एकच चिठ्ठी द्या. प्रथम प्रत्येकाने, दुसऱ्याला न विचारता, मुलाला काय झाले असावे ते वहीत लिहावे. मग दहा मिनिटे गटात बोलू द्या. मात्र चिठ्ठी दाखवायची नाही, तोंडाने सांगायची. नंतर पुन्हा उत्तर लिहायला सांगा आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. कोणत्या गटात कोण आधी बोलले, कोणाला बोलू दिले नाही, आणि कोणाची चिठ्ठी हातातच राहून गेली, याचीही नोंद ठेवा. त्या नोंदीवर होणारी चर्चा उत्तराइतकीच महत्त्वाची आहे.